नातू आपला, पासपोर्ट परका

गेल्या वर्षी गणपतीला चार दिवस उरले असताना रात्री अडीचला फोन वाजला. अशा वेळचा फोन म्हटला की छातीत धस्स होतंच. पुतणी लंडनच्या विमानतळावरून बोलत होती. "काका, आम्हा दोघांना बोर्डिंग पास दिला, अद्वैतला देत नाहीयेत. व्हिसावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव एक नाही म्हणतात." सहा वर्षांचा अद्वैत तेव्हा सामानाच्या ट्रॉलीवर झोपला होता. आईवडिलांचे पासपोर्ट भारतीय, त्याचा ब्रिटिश. त्याच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात 'अद्वैत सचिन' असं छापलेलं, आणि ई-व्हिसावर नुसतं 'अद्वैत'. हा फॉर्म भरला होता त्याच्या आजोबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, सांगलीत बसून. 'वडिलांचं नाव पुढच्या पानावर विचारलंच आहे, मग इथे दोनदा कशाला?' हा त्यांचा हिशेब. त्या रात्रीचं विमान गेलं, नवा अर्ज झाला, आणि पोरगं घरी पोचलं ते गौरी आल्या त्या दिवशी.

मी बँकेत तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासले. निवृत्तीनंतर नात्यागोत्यातले व्हिसाचे फॉर्म आपोआप माझ्याकडे येऊ लागले. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. मुलं परदेशातून येतात तेव्हा होणाऱ्या चुकांपैकी निम्म्या इथे, आपल्या डायनिंग टेबलावर होतात. कारण आपल्या लेखी नातू घरचाच असतो. कायदा मात्र फक्त पासपोर्ट बघतो. तो परका असेल तर भारताच्या दारात आपला नातूही परदेशी पाहुणा, आणि आपण त्याचे यजमान. यजमानाच्या बाजूनेही थोडी कामं असतात. म्हणून हा लेख तिकडच्या मुलांसाठी कमी आणि इकडच्या आजी-आजोबांसाठी जास्त आहे.

पहिला प्रश्न घरोघरी एकच असतो: व्हिसा काढायचा की ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हे कार्ड? उत्तर वेळेवर अवलंबून आहे. ओसीआय कार्ड एकदा हाती आलं की आयुष्यभर येण्याजाण्याची मुभा, कितीही दिवस राहा, पोलिसांत नोंदणी नको. पण त्याच्या अर्जाला आठवड्यांच्या हिशेबात वेळ लागतो आणि कागद बरेच लागतात. बाळ चार महिन्यांचं आहे आणि पुढच्या महिन्यात बारसं करायचं आहे, अशा घाईत ई-व्हिसाच बरा. पहिली खेप ई-व्हिसावर, परत गेल्यावर निवांत ओसीआय, असा क्रम बहुतेकांना परवडतो.

काही आजोबा विचारतात, "पण आईबाप दोघंही भारतीय नागरिक, मग बाळाला भारतीय पासपोर्ट का नाही?" मिळतो की. परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत केली तर ते वंशाने भारतीय नागरिक होतं. अट एकच, त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नसावा. आणि अमेरिकेत जन्मलेलं मूल अमेरिकी नागरिक असल्याने त्याने त्या देशात येता-जाता अमेरिकी पासपोर्टच वापरायचा, असा तिथला कायदा. दोन्ही जमत नाही, म्हणून बहुतेक आईबाप अमेरिकी पासपोर्ट आणि ओसीआय हा मार्ग धरतात. दोन पासपोर्ट कपाटात ठेवून 'जिथे जे चालेल ते' ही युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआयच्या नावात 'सिटिझन' हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

आता ई-व्हिसाचा फॉर्म. तो सरकारच्या एकाच संकेतस्थळावर भरायचा, इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' आहे की नाही हे डोळ्यांत तेल घालून पाहा. शोधायला गेलं की अशोकस्तंभ आणि ताजमहाल लावलेली डझनभर खासगी दुकानं आधी वर येतात. ती तोच फॉर्म भरून देतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात.

पर्यटनाचा ई-व्हिसा तीन मुदतींचा असतो: ३० दिवस, एक वर्ष आणि पाच वर्षं. नातेवाइकांना भेटणं हे पर्यटनातच मोडतं, त्यासाठी वेगळा प्रकार शोधत बसू नका. ३० दिवसांच्या व्हिसाचा अर्ज पोचण्याच्या आधीच्या ३० दिवसांतच करता येतो, बाकीच्या दोहोंचा १२० दिवस आधीपासून. निदान चार दिवस हातात हवेत. मी सांगेन दहा ठेवा, कारण फोटो नाकारला गेला की दोन दिवस त्यातच जातात. फोटो चौकोनी, पाठीमागे पांढरं, सावली नको. तान्ह्या बाळाला पांढऱ्या चादरीवर निजवून वरून फोटो काढावा, आणि तेव्हा त्याचे डोळे उघडे असावेत. ही शेवटची अट पाळताना घरातल्या चार माणसांनी खुळखुळे वाजवलेले मी पाहिले आहेत.

नावाबद्दल पुन्हा एकदा सांगतो. पासपोर्टच्या पहिल्या पानावर तळाला बाणासारख्या खुणांच्या दोन ओळी असतात. यंत्र त्याच वाचतं. तिथे आडनाव आणि नाव जसं छापलं आहे, अक्षरनक्षर, त्याच क्रमाने फॉर्ममध्ये यायला हवं. आपली नावाची पद्धत, स्वतःचं, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव, जगाच्या रकान्यांत नीट बसत नाही. कुणाच्या पासपोर्टवर मधलं नाव असतं, कुणाच्या नसतं. एखाद्या सुनेचं माहेरचं आडनाव पासपोर्टवर आणि सासरचं तिकिटावर असतं. तिकीट, व्हिसा आणि पासपोर्ट या तिन्हींत एकच नाव हवं, आणि ते पासपोर्टवरचं. घरात काय हाक मारतात, शाळेत काय लावतात, याला इथे किंमत नाही.

पासपोर्ट भारतात पोचण्याच्या तारखेपासून सहा महिने तरी चालू हवा आणि शिक्क्यांसाठी दोन पानं कोरी हवीत. लहान मुलांचे परदेशी पासपोर्ट थोड्या वर्षांचेच असतात, त्यामुळे हा घोळ मोठ्यांपेक्षा मुलांच्या बाबतीत जास्त होतो.

फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे ज्याला जुनी मराठी घरं अडखळतात: आईवडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का? फाळणीपूर्वी कराचीत मराठी वस्ती चांगली नांदती होती. नोकरीनिमित्त गेलेल्या अनेक घरांतली मुलं तिथे जन्मली आणि १९४७ साली इकडे परतली. अशा आजोबांचं जन्मगाव कराची, पण ते पाकिस्तानचे नागरिक एक दिवसही नव्हते. प्रश्न नागरिकत्वाचा आहे. घाईत 'हो' दाबलंत तर ई-व्हिसाचं दार बंद होतं आणि भारतीय वकिलातीत रीतसर अर्ज करावा लागतो, ज्याला पुष्कळ वेळ जातो. आजोबांच्या भारतीय पासपोर्टची प्रत जवळ ठेवा, कुणी विचारलं तर दाखवायला.

पुढे भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीचं नाव, पत्ता आणि फोन विचारतात. तिथे तुमचा चालू मोबाइल द्या आणि पूर्ण पत्ता इंग्रजीत नीट लिहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा, पिनकोडसकट. 'मारुतीच्या देवळामागे, जोशी वाडा' हा पत्ता पोस्टमनला पुरतो, इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला पुरत नाही. हाच पत्ता ई-अरायव्हल कार्डावर पुन्हा लागतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून हे कार्ड सुरू झालं आहे. विमानात वाटायचे त्या कागदी चिठ्ठीच्या जागी आता येण्याच्या आधीच्या ७२ तासांत ऑनलाइन माहिती भरायची. त्याला पैसे पडत नाहीत. कुणी मागितले तर तो सरकारी माणूस नव्हे.

अर्ज पाठवला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. ई-मेल येतो, त्यात 'ग्रँटेड' हा शब्द दिसला पाहिजे. तो कागद छापून पासपोर्टात ठेवायचा. ई-व्हिसावर आत येण्याची ठिकाणं ठरलेली असतात. विमानतळांपैकी मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्याचे दोन्ही, दाबोळी व मोपा, या यादीत आहेत.

ओसीआयकडे वळू. कोणाला मिळतं? जो स्वतः भारतीय नागरिक होता त्याला, आणि त्याच्या मुला-नातवंडा-पतवंडांना. तान्ह्याच्या अर्जावर सहीच्या चौकटीत अंगठा उठवायचा असतो, मुलाचा डावा, मुलीचा उजवा. चौकट छोटी, आणि बाळाची मूठ उघडता उघडत नाही. शाईचा पॅड घेऊन हे काम बाळ झोपल्यावर करा, एवढाच माझा सल्ला. दोन्ही पालकांच्या सह्या आणि त्यांच्या भारतीय कागदांच्या प्रती लागतात. आईवडिलांचा घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा हुकूम जोडावा लागतो, तो आधीच काढून ठेवा.

परदेशी सुनेला किंवा जावयालाही ओसीआय मिळतं, मात्र लग्न रीतसर नोंदलेलं हवं आणि त्याला सलग दोन वर्षं पूर्ण झालेली हवीत. तोवर ई-व्हिसा. लग्न मोडलं तर हे कार्डही जातं.

आपल्याच मुलाने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर त्या क्षणी त्याचं भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम तसं सांगतं. मग जुना भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. ते नसेल तर ओसीआय अडतं. गोव्यात हा विषय जिवाभावाचा आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, आणि अनेकांनी ते घेऊन युरोपची वाट धरली. पुष्कळांनी भारतीय पासपोर्ट मात्र वेळेवर परत केला नाही. तो पासपोर्ट ऑफिसने रद्द केला की सरेंडर सर्टिफिकेट मिळत नसे, आणि गोव्यातल्या स्वतःच्या घरी यायला दर वेळी व्हिसा घ्यावा लागे. एप्रिल २०२४ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द केल्याचा आदेशही त्या सर्टिफिकेटाच्या जागी चालेल असं कळवलं, तेव्हा बऱ्याच घरांनी सुटकेचा श्वास टाकला. तुमच्या नात्यात असं कोणी असेल तर तो आदेशाचा कागद फेकू देऊ नका.

पासपोर्ट बदलला की ओसीआयचं काय? विसाव्या वर्षापर्यंत नवा पासपोर्ट आला की त्याची प्रत आणि ताजा फोटो ऑनलाइन चढवायचा. वीस वर्षांनंतर पहिला पासपोर्ट घेतला की कार्ड एकदा नव्याने काढायचं. पन्नाशीनंतर नवा पासपोर्ट आला की पुन्हा एकदा फक्त कागद चढवायचे. आणि येताना कार्ड बरोबर आणायचं. ते पुण्याच्या कपाटात राहिलं आणि मुलगा न्यू जर्सीच्या विमानतळावर उभा, असं प्रकरण मी स्वतः कुरियर करून निस्तरलं आहे.

सामानाचं सांगायला हवं, कारण त्यात तुरुंगाची वाट आहे. तिकडे डोंगर चढणारी, धावणारी मंडळी सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र जवळ बाळगतात. आपल्याकडे परवानगीशिवाय ते आणणं गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावर सामान तपासताना असं यंत्र सापडून पर्यटकांवर खटले झाले आहेत. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. तरुण भाच्यापुतण्यांना फोनवर स्पष्ट सांगा, लाजू नका. ड्रोन परदेशातून आणायला २०२२ पासून मनाई आहे, तेव्हा वाड्याचं आकाशातून चित्रण इथल्या फोटोग्राफरकडूनच करून घ्यावं. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांतून येणाऱ्यांनी पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड आणावं, लस निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी; नाहीतर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होते. हा नियम भारतीय पासपोर्टवाल्यांनाही आहे.

पाहुणे घरात आले, पुरणपोळी झाली. आता यजमानाचं काम: पूर्वी 'फॉर्म सी' म्हणत ती नोंद. परदेशी नागरिक ज्याच्याकडे उतरतो त्याने २४ तासांच्या आत ही नोंद ऑनलाइन करायची. हे हॉटेलवाल्यांचं काम, असा सार्वत्रिक समज आहे. पण त्या यादीत धर्मशाळा आहे, हॉस्पिटल आहे आणि खासगी घरही आहे. पैसे घेता की नाही याचा संबंध नाही. पासपोर्ट क्रमांक, व्हिसा क्रमांक, कुठून आले, पुढे कुठे जाणार, फोटो, एवढं भरलं की झालं. पहिल्या वेळी घराची नोंदणी करावी लागते, तिला एक दुपार जाते. पुढच्या खेपेला दहा मिनिटं. आमच्या सोसायटीत मी हे करतो म्हटल्यावर दोघेतिघे हसले होते. नंतर त्यांच्यातल्या एकाच्या पाहुण्याला मुदतवाढ मागायची वेळ आली तेव्हा पहिला कागद हाच मागितला गेला, आणि गृहस्थ माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आले.

पर्यटनाच्या व्हिसावर काम करता येत नाही. 'सुट्टीत दोन महिने आमच्या कंपनीत बसेल, अनुभव मिळेल' असं काकाने ठरवलं तरी ती नोकरीच धरतात, पगार असो वा नसो. सलग राहण्यालाही मर्यादा आहे. एक आणि पाच वर्षांच्या ई-व्हिसावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना एका खेपेत १८० दिवस, बाकीच्यांना ९०. म्हणजे ऑस्ट्रेलियातली सून बाळंतपणाला सहा महिने येणार असेल तर ई-व्हिसाच्या भरवशावर बेत आखू नका.

सहली आखताना एक खड्डा हमखास लागतो. मे महिन्यात गंगटोकची सहल ठरते, टूरवाला सगळ्यांची आधार कार्डं मागतो, आणि नातवाचा पासपोर्ट कुणाच्या लक्षात राहत नाही. सिक्कीम, अरुणाचल, लडाखचा काही भाग इथे परदेशी नागरिकाला वेगळा परवाना लागतो, ओसीआय असलं तरी. आणि नथू-ला खिंड परदेशी पर्यटकांना बंदच आहे. सगळं कुटुंब बर्फात फोटो काढणार आणि नातू आजीबरोबर हॉटेलात बसणार, हे तिथे पोचल्यावर कळण्यापेक्षा सांगलीत कळलेलं बरं.

वेरूळ, अजिंठा, घारापुरीला उलट गंमत. तिथे भारतीयांना तिकीट ४० रुपये, परदेशी पाहुण्याला ६००. पंधरा वर्षांखालच्यांना काहीच नाही. ओसीआय असेल तर भारतीय दर लागतो, पण खिडकीशी कार्ड दाखवावं लागतं. माझी गोरी भाचेसून कार्ड पुढे करून अस्खलित मराठीत "दोन द्या, चाळीसवाली" म्हणाली तेव्हा खिडकीतल्या माणसाने कार्ड नीट पाहिलंही नाही.

पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार, त्या देशाच्या वकिलातीकडून तात्पुरता पासपोर्ट, आणि मग एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून, देश सोडण्याचा परवाना, असा क्रम आहे. हा परवाना ई-एफआरआरओवर घरबसल्या मागता येतो. आजारपणामुळे मुक्काम लांबला तरी तिथेच, हॉस्पिटलचं पत्र जोडून, मुदत संपण्याच्या आत अर्ज करावा. मुदत संपल्यावर गेलात तर दंड आहे, आणि पुढच्या व्हिसाला तो आडवा येतो.

मुदतीवरून राहिलेली गोष्ट. ३० दिवसांच्या ई-व्हिसाच्या कागदावर जी शेवटची तारीख छापलेली असते ती आत येण्याची शेवटची तारीख असते, राहण्याची नव्हे. राहण्याचे ३० दिवस पहिल्यांदा उतरल्या दिवसापासून मोजतात. आणि मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. परवानगी शुक्रवारपर्यंत आहे, विमान 'शुक्रवारी रात्री' दोनचं आहे, म्हणून सगळे निर्धास्त असतात. आपण सांगलीहून दुपारी जेवून निघतो, आपल्यासाठी रात्रभर शुक्रवारच असतो. तिकिटावर मात्र शनिवार लिहिलेला असतो, आणि रात्री बाराच्या पुढे इमिग्रेशनच्या खिडकीशी उभं राहिलं की शिक्काही शनिवारचाच पडतो. अद्वैतचं परतीचं तिकीट म्हणूनच मी एक दिवस अलीकडचं काढायला लावलं. भाऊ जरा रागावला, एक दिवस कमी झाला म्हणून.